तांदळावरचा हात

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. संपाबद्दल मात्र मी पुष्कळ बोललो आहे. कॉलेजातली मुलंमुली टेपरेकॉर्डर घेऊन यायची, गिरणगावचा इतिहास गोळा करतोय म्हणायची. त्यांना मी साचेखात्यातला मागांचा आवाज सांगितला, गेटवरच्या सभा सांगितल्या, गावाला गेलेले आणि परत न आलेले सोबती सांगितले. शेवटी कुणीतरी विचारायचंच, “आणि घरात काय परिस्थिती होती, काका?” मी म्हणायचो, “हाल झाले.” मुलं मान हलवायची आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायची. त्या दोन शब्दांखाली मी माझ्या धाकट्या बहिणीला झाकून ठेवलं होतं.

आता ती नाही. बायको नाही, आई तर कधीचीच गेली. त्या दुपारी खोलीत खरं काय झालं हे ठाऊक असलेला मी एकटा उरलो आहे. मी गेलो की ते झालंच नव्हतं असं होईल, आणि चाळीतल्या कुणाच्या आठवणीत माझी बहीण राहिलीच असेल, तर ती खादाड म्हणून राहील. ते मला नको आहे.

लालबागच्या चाळीत आमची एक खोली होती. ब्याऐंशीचा संप सुरू झाला तेव्हा त्या खोलीत आई, मी, बायको, नुकता चालायला लागलेला आमचा मुलगा आणि बहीण असे आम्ही राहत होतो. वडील साचेखात्यातच होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी मी लागलो. बहीण माझ्यापेक्षा बरीच लहान. मॅट्रिक झाली होती, परळला शिवणाच्या क्लासला चालत जायची, चालत यायची. संप लागला आणि क्लास बंद झाला. मग आईच्या जुन्या मशीनवर शेजारणींचे ब्लाउज शिवत ती दिवसभर घरातच बसू लागली.

गिरणीत जाणाऱ्या माणसाला स्वतःचं घर दुपारी कसं दिसतं हे माहीत नसतं. रात्रपाळी असली की दुपारी तो झोपलेला, दिवसपाळी असली की साच्यांपुढे उभा. दुपारची खोली बायकांची. संपात मी पहिल्यांदाच त्या खोलीत दुपारभर जागा बसलो. आणि मला कळलं की मी तिथे अडचण आहे. मी पाय पसरले की बायकोला भांड्यांपर्यंत जाता येईना. मी बसलेलो असलो की आई आणि शेजारीण कुजबुजत बोलायच्या. कुणी मला काही म्हणत नव्हतं. पण खोलीत माझी जागा फक्त जेवायच्या वेळची आणि झोपायच्या वेळची होती, आणि मधल्या वेळात मी पाहुण्यासारखा भिंतीला टेकून बसायचो. हात रिकामे आणि डोळे उघडे. ज्याला काही काम नाही तो माणूस घरात कोण किती खातं हे बघू लागतो. मी बघू लागलो.

तांदूळ गावाहून काका पाठवायचे, एसटीच्या टपावरून. ते आम्ही पत्र्याच्या एका पिंपात ठेवायचो, पलंगाखाली, कोपऱ्यात. सकाळी पेज, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, रात्री उरलेला भात. कधी सुकट मिळाली तर ती माझ्या ताटात आणि मुलाच्या वाटीत. आईचा तसा दंडकच होता, कमावत्याला आधी. मी कमावत नव्हतो, तरी दंडक चालू होता. मीही कधी ताट मागे सारलं नाही.

पावसाळा उलटेपर्यंत चाळीतले सगळे वाळले. माझी पँट कमरेला राहीना. बायकोच्या बांगड्या कोपरापर्यंत जायच्या. बहीण मात्र भरत चालली होती. पोट, दंड, चेहरा. एका दुपारी मी बघत होतो. तिने मशीनवर आधी माझी पँट घेतली आणि कमरेला आत घेऊन शिवली. मग दोरा तोडला, स्वतःचा ब्लाउज घेतला, आणि त्याची शिवण उसवून दोन्ही बाजूंनी मोकळा केला. त्याच मशीनवर, त्याच दोऱ्याने. ती मान खाली घालून काम करत होती. मला मात्र ते दृश्य विसरता येईना. माझ्या डोक्यात ते एखाद्या पुराव्यासारखं बसलं.

चाळही बघत होतीच. शेजारच्या खोलीत आमच्यासारख्याच मालवणकडच्या एक काकी होत्या, तोंडाच्या फटकळ. नळावर पाणी भरताना त्या ओरडायच्या, “गिरणी बंद पडली, पण तुज्या आंगात ओव्हरटायम चालूच आसा गो!”

बायका हसायच्या. बहीणही हसायची. “होय तर काकी, माजो मालक बरो आसा. बोनस पण दिता.”

ती अशीच होती. दुसऱ्याने मारायच्या आत स्वतःवर विनोद करायची. हे तेव्हा मला दिसत नव्हतं. मला वाटायचं, हिला काही वाटतच नाही.

आणखीही काही गोष्टी त्या खोलीत सगळ्यांसमोर होत्या. तिची मान. मागच्या बाजूला कातडी काळी आणि जाडसर झाली होती, मखमलीसारखी. आई तिला मोरीत बसवून नारळाच्या सोडणाने घासायची. “आंग नीट धूत नाय गो तू. मान बघ कशी काळी पडली हा. कोण पसंत करतलो तुका?” घासून घासून मान लाल व्हायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा काळी. हनुवटीवर केस येऊ लागले होते. ती खिडकीशी उजेडात बसून दोऱ्याने ते उपटायची. एकदा मी दाढी करत होतो. ती आरशात डोकावली तेव्हा मी म्हणालो, “थांब, माझं झालं की ब्लेड तुला देतो.” मुलगा काहीही न कळता खदखदून हसला. तीही हसली आणि आरशापासून बाजूला झाली.

आणि एक गोष्ट, जी पुरुषाने बोलायची नाही असं आम्हाला शिकवलं होतं. त्या काळी आमच्यात बायका महिन्याचे चार दिवस बाजूला बसायच्या. एका खोलीत बाजूला म्हणजे कुठे, तर मोरीजवळच्या कोपऱ्यात, वेगळी चटई आणि वेगळं ताट घेऊन. त्यामुळे कोण कधी बसली हे घरातल्या सगळ्यांना कळायचंच. बहीण महिनोन्‌महिने बसत नव्हती. आईच्या डोळ्यांत त्याची भीती दिसायची. तिने बहिणीला सोमवार धरायला लावले, मग गुरुवारही. उपासाच्या दिवशी साबुदाणा, बटाटा, गूळ. देवीचा कोप शांत होईल, अंग हलकं होईल, असं आईचं म्हणणं. डॉक्टरकडे न्यावं असं कुणाला सुचलं नाही. दुखत नव्हतं, ताप नव्हता. मुलगी जाड होतेय हा काय आजार आहे?

तांदूळ मोजायचं काम मी स्वतःकडे घेतलं ते याच दिवसांत. बायको म्हणाली, “अहो, हे आमचं काम. तुम्ही कशाला मापटं हातात घेता?” मी म्हणालो, “गावचे तांदूळ किती दिवस पुरवायचे ते मला बघू दे.” खरं कारण मी बोललो नाही. तिला कळलं असणार.

त्या दिवशी सकाळी गिरणीच्या गेटवर सभा होती. निघायच्या आधी मी मापट्याने दुपारचे तांदूळ काढून सुपात ठेवले. पिंपातले उरलेले तांदूळ हाताने सपाट केले. आणि त्यावर माझा पंजा दाबला. बोटं पसरून, चांगला खोल. गावाला धान्याच्या राशीवर राखेचा ठसा मारून ठेवतात, रात्री कुणी हात घातला तर कळावं म्हणून. आजोबांना मी ते करताना पाहिलं होतं. तो ठसा चोरासाठी असायचा. मी तो माझ्या घरात मारला आणि झाकण लावलं.

सभेत काय झालं ते मला आता आठवत नाही. घरी आलो तेव्हा दुपार होती. बायको मुलाला घेऊन दवाखान्यात गेली होती, त्याला खोकला होता. आई गॅलरीत कुळीथ निवडत होती. बहिणीने भात करून ठेवला होता आणि ती मशीनवर बसली होती. मी चप्पलही न काढता पलंगाखाली वाकलो आणि पिंपाचं झाकण उघडलं.

पंजा नव्हता. बोटांच्या खुणा बुजल्या होत्या, अंगठ्याचा तेवढा एक कोपरा उरला होता.

मी तिला हाक मारली नाही, ओरडलो. आजूबाजूच्या खोल्यांची दारं उघडीच असायची. काकी आल्या, आणखी दोघी-तिघी आल्या.

“तांदळाला हात कुणी लावला?”

ती मशीनवरून उठली. “काय झालं, दादा?”

“काय झालं? त्या पोराला पोटभर पेज मिळत नाही. तुझी वयनी अर्धी झाली. आणि तू चोरून खातेस? कच्चे तांदूळ खातेस की शिजवून खातेस, ते तरी सांग.”

“मी नाही घेतले.”

“मग हे काय?” मी तिच्या दंडाला धरलं. धरलं म्हणजे चिमटीत पकडलं, बाजारात भाजी बघतात तसं. “हे काय आहे? हवा खाऊन होतं का हे?”

गॅलरीत कुणीतरी हसलं. ते हसू अर्ध्यातच थांबलं. आई कुळथाचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिने वर बघितलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मला वाटलं तिलाही पटतंय.

बहीण म्हणाली, “मी नाही घेतले, दादा.” पुन्हा तेच, त्याच आवाजात. मग ती मशीनवर जाऊन बसली आणि तिने पायडल मारायला सुरुवात केली. मशीनमध्ये कापड नव्हतं.

संध्याकाळी बायको आली. तिला नळावरच सगळं कळलं होतं. मुलाला खाली ठेवून ती माझ्यासमोर उभी राहिली, आणि आवाज न चढवता, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नजर न वळवता माझ्याशी बोलली.

“तुम्ही पंजा बघितलात. तांदूळ किती आहेत ते बघितलंत का?”

“म्हणजे?”

“कमी नाही झालेत. वाढलेत. सुपातून शिजवायच्या आधी आम्ही आपापली मूठ परत पिंपात टाकतो. आईंची मूठ, माझी मूठ, तिची मूठ. संप लागल्यापासून टाकतो. आज मी नव्हते, आई गॅलरीत होत्या, म्हणून तिघींच्या मुठी तिनेच टाकल्या. त्याने तुमचा पंजा बुजला.”

मी म्हणालो, “मग तिने सांगितलं का नाही?”

“कशी सांगेल? घरातल्या बायका अर्धपोटी राहतात हे पुरुषाला कळू द्यायचं नसतं. आईंनीच शिकवलंय.”

गावाकडची ती जुनी रीत होती. मोजलेल्या धान्यातून मूठभर मागे टाकायची, अडीअडचणीला. पुरुषाच्या पाठीमागे टाकायची, कारण त्याला दिसली तर त्याचा अपमान. माझा अपमान होऊ नये म्हणून माझी बहीण चोर ठरली.

त्याच वेळी उठून मी तिच्याकडे गेलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. ती दोन पावलांवर बसली होती, तिने सगळं ऐकलं होतं. मी उठलो नाही. मोठा भाऊ होतो, गिरणी बंद होती, नोकरी राहील की नाही ठाऊक नव्हतं. माझ्याकडे मोठेपणाशिवाय दुसरं काही शिल्लक नव्हतं आणि तोही कसा सोडायचा? हे एक. पण त्याहून वाईट दुसरं होतं. मला पटलंच नव्हतं. तांदूळ नाही तर दुसरं काहीतरी, असं मी मनाशी म्हणालो. शेजारी खात असेल, ब्लाउज द्यायला जाते तिथे खात असेल. मूठ परत टाकणारी बाई जाड कशी होईल? तिचं अंग तिच्या विरुद्ध साक्ष देत होतं आणि मी त्या साक्षीवर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ती ताट घेऊन उंबऱ्याशी बसू लागली. तोंड गॅलरीकडे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ताटात काय आहे ते दिसावं असं. काकींनीच एकदा म्हटलं, “आत बसून जेव गो बाये, उष्ट्यार माशी बसता.” ती म्हणाली, “असू दे काकी, इथे वारा लागतो.”

संप संपला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. तो विरत गेला. मला नंतर एका छापखान्यात बांधणीचं काम मिळालं. त्याच्या आधीच बहिणीने गिरगावातल्या एका प्रसूतिगृहात आयाची नोकरी धरली होती. तिथेच मागच्या खोलीत इतर आयांबरोबर राहू लागली. आईने तिच्यासाठी स्थळं बघितली. एका मुलाच्या आईने कांदेपोहे खाता खाता विचारलं, “अंग असंच आहे की काही औषधं चालू आहेत?” त्यानंतर बहिणीने बघण्याच्या कार्यक्रमाला बसायचं सोडलं. पुढे तिने प्रभादेवीला एका जुन्या चाळीत भाड्याची खोली घेतली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. दुसऱ्यांच्या बाळांना अंघोळ घालत तिची नोकरी झाली.

आमचं भांडण झालं नव्हतं, त्यामुळे समेट करायचीही सोय नव्हती. दर भाऊबीजेला मी जायचो. ती ओवाळायची, मी तबकात साडी ठेवायचो. “दादा, साडी छान आहे रे, पण ब्लाउजपीस पुरत नाही. भाऊ मोठा आणि कापड लहान,” असं म्हणून हसायची. मीही हसायचो. दर वर्षी येताना वाटायचं, यंदा बोलू. दर वर्षी तिचा हात कुंकू लावायला माझ्या कपाळाशी आला की मी डोळे मिटायचो, आणि उघडायचो तेव्हा ती वेळ निघून गेलेली असायची. चाळिशीतच तिला डायबेटिस निघाला. मला कळलं तेव्हा मी बायकोला काय म्हणालो ते मला आठवतं. म्हणालो, “खाण्यावर ताबा नसला की हेच होतं.” 

मग बायकोही गेली. चाळ पाडली, त्या जागेवर उंच इमारत आली. मुलगा नोकरीसाठी लांब उपनगरात राहायला गेला. मी इथेच राहिलो, वरच्या मजल्यावरच्या एका बंद दाराच्या घरात. इथे गॅलरी नाही. माझ्या ताटात काय आहे हे बघणारं कुणी नाही.

माझी नात कॉलेजात होती. अधूनमधून माझ्याकडे राहायला यायची. एकाएकी ती जाड होऊ लागली. चेहऱ्यावर मुरुमं, सारखा थकवा. मी माझ्या सवयीप्रमाणे म्हणालो, “बाहेरचं खाणं जरा आवर.” ती रडली नाही, चिडली. “आजोबा, मी दोन महिने डाएट करतेय.” तिच्या आईला सुट्टी नव्हती म्हणून दादरला एका डॉक्टरीणबाईंकडे मीच तिच्याबरोबर गेलो. मी बाहेर बाकावर बसणार होतो, तर नात म्हणाली, “आत या. सगळं ऐका. नाहीतर घरी जाऊन म्हणाल वडापाव खाते म्हणून.”

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, “हिला पीसीओएस आहे.” आणि माझा चेहरा बघून सावकाश सांगू लागल्या. “आपण जेवलो की रक्तात साखर येते. ती शरीरातल्या पेशींना पोचवायला इन्सुलिन लागतं. हिच्या पेशी इन्सुलिनला लवकर दाद देत नाहीत. म्हणून शरीर आणखी इन्सुलिन तयार करतं. ते वाढलं की चरबी साठते आणि सहज उतरत नाही. त्याच इन्सुलिनमुळे बीजांडकोशात पुरुषी हार्मोन्स वाढतात. मग पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात.”

मी माझ्या परीने समजून घेत होतो. साचेखात्यात सुताच्या कांड्या घेऊन येणारा माणूस दारावर धडका मारतोय आणि दार अडकलं आहे. मग वरून आणखी माणसं पाठवतात, आणखी धडका. थोडा माल आत जातो, बाकीचा गोदामात पडत राहतो. साचे उपाशी आणि गोदाम भरलेलं. बाहेरून बघणारा म्हणणार, केवढा माल आहे यांच्याकडे!

“म्हणजे जास्त खाल्ल्याने नाही?” मी विचारलं.

“खाण्याचा संबंधच नाही असं नाही. काय खातो, किती चालतो, झोप कशी आहे, याने फरक पडतो, आणि पुढे औषधंही आहेत. पण हे खादाडपणाने येत नाही. बारीक मुलींनाही होतं. नेमकं का होतं ते अजून पूर्ण कळलेलं नाही. घराण्यात असू शकतं.” बोलता बोलता त्यांनी नातीची वेणी बाजूला केली. “हे दिसतंय का? मानेवर? पुष्कळ आया मुलींना घासून घासून हे काढायला लावतात. हा मळ नाही. इन्सुलिन वाढलेलं असलं की कातडी अशी काळी आणि जाड होते.”

नातीच्या मानेकडे बघताना मला मोरीतला नारळाच्या सोडणाचा आवाज ऐकू आला.

“घरात कुणाला डायबेटिस?” त्यांनी विचारलं.

“माझ्या बहिणीला.”

“त्यांना पाळीचा त्रास होता? मुलं किती?”

“लग्न झालं नाही,” मी म्हणालो. मग विचारलं, “कमी खाऊन एखादी मुलगी जाड होऊ शकते का?”

“कमी म्हणजे काय खायची?”

“पेज. भात. वर थोडी कुळथाची पिठी, मासळी नाही. उपास असायचे.”

“उपासाला साबुदाणा? आणि दिवसभर बसून काम?”

मी मान हलवली. त्या म्हणाल्या, “तेव्हा तपासण्या झाल्या नाहीत, त्यामुळे त्यांना हेच होतं असं मी आता सांगू शकत नाही. पण असेल तर अशा खाण्याने वजन वाढू शकतं. जवळजवळ नुसताच पिष्ट पदार्थ, तोही उपासानंतर, आणि चालणं बंद.”

नात माझ्याकडे बघत होती. “आजोबा, पाणी हवंय का?”

इतकी वर्षं माझ्याकडे एकच साक्ष होती, बहिणीचं अंग. तिच्या जोरावर मी गप्प राहिलो होतो. ती साक्ष त्या दवाखान्यात खोटी ठरली.

मी भाऊबीजेची वाट बघितली नाही. त्याच आठवड्यात बसने प्रभादेवीला गेलो. बहिणीच्या पायाला जखम होती, पट्टी बांधलेली होती. डायबेटिसची जखम भरत नव्हती. तरी तिने उठून कुकर लावला. “न सांगता आलास? कुणी गेलं का?”

“कुणी नाही. असाच आलो.”

“असाच? तू?” ती हसली.

तिने मला भिंतीशी पाट दिला, ताट वाढलं. स्वतःचं ताट घेऊन ती दाराशी जाऊन बसली. दार उघडं, तोंड गॅलरीकडे. ताटात एक भाकरी, भाजी, पातळ आमटी. गॅलरीत कुणीही नव्हतं. मला वाटलं पाय लांब करायला बसली असेल. मग लक्षात आलं की ती माझ्यासमोर जेवताना नेहमी अशीच बसत आली आहे. दर भाऊबीजेला अशीच बसायची, आणि मी कधी बघितलं नव्हतं.

मी तिला नातीचं सगळं सांगितलं. इन्सुलिन, हनुवटीवरचे केस, पाळी. आमच्या आयुष्यात मी हा शब्द तिच्यासमोर पहिल्यांदा उच्चारला. मान काळी होते, तो मळ नसतो, हेही सांगितलं. फक्त नातीचं म्हणून सांगितलं. ती घास हातात धरून ऐकत होती. मग तिचा डावा हात आपोआप मानेमागे गेला.

“मळ नव्हता होय तो?” ती म्हणाली. “आयेने सोलून काढली होती माझी मान.”

मी भाकरी मोडत राहिलो.

“आणि खाण्याने नाही, असं म्हणाली डॉक्टरीण?”

“खाण्याने नाही म्हणाली.”

हातातला घास तिने ताटात ठेवला. मग माझ्याकडे न वळता, विनोद करायच्या त्याच जुन्या आवाजात म्हणाली, “म्हणजे डॉक्टरणीने सांगितलं तेव्हा तुला खरं वाटलं. मी सांगितलं होतं तेव्हा नाही वाटलं.”

तीच वेळ होती. तिनेच दार उघडून दिलं होतं. माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडले ते असे: “आमटी छान झाली आहे. जेव, भाकरी गार होतेय.”

“होय रे दादा,” ती म्हणाली आणि जेवू लागली.

मी निघताना तिने माझ्या नातीसाठी एक निरोप दिला. “तिला सांग, कुणी काही म्हटलं तर हसू नको म्हणावं. मी हसत राहिले, तिथेच चुकले.” तो निरोप मी पोचवला. पुढच्या भाऊबीजेच्या आधीच बहीण गेली. जखमेतलं विष अंगात पसरलं होतं.

त्या दिवशी बसमध्ये मी जे मनात घोकत गेलो होतो ते फार लांब नव्हतं. ते असं होतं:

बाय, त्या दिवशी पिंपातले तांदूळ कमी झाले नव्हते, तुझ्या मुठीने वाढले होते. हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं आणि तरी मी गप्प बसलो. तू माझ्या मुलाच्या तोंडचं खाल्लं नाहीस, तुझ्या तोंडचं त्याला दिलंस. तुझ्या अंगाला मी हात लावला तो चोराला लावतात तसा लावला. मी चुकलो. मला माफ कर. आता दार लोटून घे आणि आत बसून सावकाश जेव.